गव्हातल्या गोळ्या

जगदेवरावांच्या घरात एखादी वस्तू बिघडली की तिला दुरुस्त कोणी करत नसे. सगळे तिच्याशी जुळवून घ्यायला शिकत. कुलरला करंट यायचा, तर त्याच्या शेजारी रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवून दिला होता. चपला घालायच्या, मग बटण दाबायचं. गॅसची नळी चिरली तर तिला काळी पट्टी गुंडाळली, पट्टी सुटली तर तिच्यावर दुसरी पट्टी. चौकटीला उदई, म्हणजे वाळवी, लागली तर जगदेवराव मोटरसायकलचं जळकं ऑइल घेऊन यायचे, कुंच्यानं फासायचे आणि चार जणांना सांगायचे, ‘पाहा, आता सात पिढ्या नाई लागत.’ पुढच्या पावसाळ्यात उदई त्याच ऑइलवरून वर चढायची.

नऊ वर्षं सून योगिनी बोलत होती आणि नऊ वर्षं घर तिला ‘हाव, पाहू’ म्हणत होतं. आता तर ती बोलायला लागली की गल्लीतली धाकटी पोरंसुद्धा ‘सुपरवायझर आली’ म्हणून पळायची.

म्हणून नणंदेच्या बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी सकाळी बाळंतिणीच्या खोलीतून सासूची किंकाळी आली तेव्हा योगिनी हातातली पळी टाकून धावली खरी, पण धावता धावता तिच्या मनात आलं ते हेच, की बाई, आता काय मोडलं?

काही मोडलं नव्हतं. हेमलाच्या लेकराच्या गालावर सोंडा चढला होता. गव्हातला, तपकिरी, मोहरीएवढा किडा.

‘माय माय माय! कानात गेला असता तं?’ मनकर्णाबाईंनी नात छातीशी धरली होती आणि दुसऱ्या हातानं त्या स्वतःच्याच कपाळावर मारून घेत होत्या. ‘परवा बारसं. शिरपूरची सारी मंडळी येईन. इवाई पाह्यतीन का यायच्या घरी लेकरापेक्षा किडे जास्त!’

हेमला बाजेवर बसली होती, कानाला गच्च फडकं बांधून. जगदेवरावांची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला शिरपूरहून माहेरी आलेली. वैशाख तापलेला, बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, आणि या खोलीची एकुलती एक खिडकी बाहेरून पोतं आणि आतून धोतर कोंबून बंद केलेली. बाळंतिणीला हवा लागते. हवा लागली की वात धरतो, दूध आटतं, म्हातारपणी कंबर धरते, आणि काय काय होतं त्याची मनकर्णाबाईंपाशी मोठी यादी होती. त्यातून रोज सकाळ-संध्याकाळ ओव्याची आणि लसणाच्या सालींची धुरी. योगिनी त्या खोलीत गेली की तिला कांदा तळायच्या कढईत शिरल्यासारखं वाटायचं.

सोंडे येत होते शेजारच्या खोलीतून. तिथे वर्षाच्या खाण्याचा गहू, पंधरा कट्टे, पार वरपर्यंत रचलेले. मुळात ती एकच मोठी खोली होती. मुलाच्या, हरीओमच्या, लग्नाच्या वेळी मधे भिंत घातली, आणि भिंत स्लॅबपासून हातभर खाली असताना मिस्त्री पोळ्याला म्हणून गावी गेला तो परत आला नाही. ‘येईन थो,’ असं जगदेवराव दोन-तीन वर्षं म्हणाले. मग त्या फटीतून कुलरची वायर नेली आणि फट कामाची ठरली.

‘उद्याच गोळ्या आणतो कृषी केंद्रातून,’ जगदेवराव उंबऱ्यातून म्हणाले. बाळंतिणीच्या खोलीत ते पाऊल टाकत नसत, पण नातीकडे बघायला दिवसातून वीसदा उंबऱ्याशी यायचे. ‘एका रातीत सारे खलास. माह्या नातीच्या आंगावर चढून राह्यले काय!’

‘मामाजी, थ्या गोळ्या घरात नसतात ठेवत,’ योगिनी म्हणाली.

‘झालं. आलं गोदाम.’ हे हरीओम. योगिनीचा नवरा. तो रिठद ते वाशीम काळी-पिवळी चालवायचा, आणि बायको व बाप यांच्यामध्येही त्याचं तेच चालायचं, दोन्हीकडची सवारी घ्यायची आणि कुठंच न थांबता निघून जायचं.

‘हाव, आलं गोदाम,’ योगिनी म्हणाली. तिचे वडील वाशीमला धान्याच्या गोदामावर चौकीदार होते आणि हे सासरी कोणी तिला विसरू दिलं नव्हतं. ‘तिथं थ्या गोळ्या ठेवल्या का सात दिवस कुलूप लागत जाय दाराले. लाल पाटी लागत जाय. त्याचा वायू सुटते, मामाजी. दिसत नाई, भिंतीतून, फटीतून जाते. एकडाव कुत्रं आत राह्यलं तं सकाळी बाबानं फावड्यानं बाहेर काढलं. अन् ही वरची फट पाहा तुमी. इकडं दहा दिवसाचं लेकरू.’

‘कुत्रं अन् माह्यी नात एक करते काय व?’ मनकर्णाबाई उसळल्या.

‘आत्याबाई, मी काय म्हणून राह्यली, तुमी काय आयकून राह्यल्या!’

तिनं तीन उपाय सांगितले. गहू शेतातल्या कोठ्यावर हलवा. हरीओम म्हणाला, लग्नसराईत मजूर कुठून आणू, तुह्या गोदामातून? बरं, मग हेमाताई आणि लेकरू वर माझ्या खोलीत राहू द्या, मी खाली येते. मनकर्णाबाई म्हणाल्या, ओल्या बाळंतिणीले जिना चढवते, अन् वर हवा किती! बरं बाई, मग निदान ही खिडकी तरी उघडा. यावर असं काही ऐकून घेतलं हेच पुष्कळ झालं, अशा नजरेनं सगळे बघत राहिले.

आणि मग हेमला बोलली. लग्नाआधी हीच हेमला कॉलेजचा फॉर्म भरायचा असला, बापाची परवानगी काढायची असली की योगिनीच्या पदराला धरून फिरायची.

‘वयनी, मी जड झाली काय तुले इथं? वर जा म्हणते, खिडकी उघड म्हणते. दीड महिना तं राहाचं हाये. तेवढंबी होत नाई काय तुह्यानं?’

योगिनीच्या तोंडात उत्तर होतं, ते तिनं गिळलं. बाळंतिणीला रडवलं म्हणून आणखी एक कलम नको. पण ते लागलं तिला, आतवर लागलं.

जगदेवरावांनी हात वर केला. गावात भाऊबंदकीचे तंटे सोडवायला त्यांना बोलवायचे. शब्द द्यायची त्यांची एक तऱ्हा होती. ‘बस. सूनबाई, हेमला सासरी गेल्याशिवाय या घरात गोळी येनार नाई. जगदेवनं शब्द देल्ला. झालं समाधान?’

समाधान कसलं, पण शब्द तरी मिळाला. जगदेवरावांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं सगळं रिठद म्हणायचं.

अकराव्या दिवशी योगिनीनं एकटीनं पाच कट्टे गहू खोऱ्यानं, घमेल्यानं गच्चीवर नेला आणि उन्हात पसरला. उन्हानं सोंडे पळतात, निदान थोडे कमी होतात. लाडू वळायचे होते, पाळणा सजवायचा होता, म्हणून सासू खालून तीन वेळा ओरडली. ‘बारशाचं काम सोडून गहू वाळवून राह्यली! कोणाले दाखवाले व?’ दिवस बुडताना ती गच्चीवर चाळत बसली होती. हात भाजल्यासारखे झाले होते, पाठ मोडली होती, आणि तिला स्वतःचाच राग येत होता की आपण का म्हणून मरतोय या लोकांसाठी. खाली काय चाललं होतं ते तिला दिसलं नाही.

बाराव्या दिवशी दहा वाजता शिरपूरची मंडळी आली. दारात मांडव, खुर्च्या, फॅन. हेमलाचा नवरा, नवीन, पुण्याहून निघाला होता, त्याची बस मेहकरच्या अलीकडं कुठं तरी बंद पडली होती. व्याही दौलतराव मात्र सगळ्यात पुढं, पांढरा सदरा, हातात नातीसाठी चांदीचे वाळे. कमी बोलणारा माणूस. मनकर्णाबाई त्यांना दबून असत, कारण कमी बोलणारा माणूस मनात काय ठेवतो ते कळत नाही.

आत हेमलाला दोनदा उलटी झाली होती.

‘दृष्ट,’ मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि मीठ-मिरच्या ओवाळायला गेल्या. ‘सकाळपासून डोकं धरून बसली. नवं लुगडं नेसली ना, लोकायची नजर काय चांगली असते! अन् पोट्टी पाह्य कशी शहाणी. रातभर रडरड रडली, आता पाहुणे आले तं कशी गुमान झोपली.’

योगिनी पाळण्यात अंथरायची दुपटी घ्यायला खोलीत आली. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर तिला आधी काही दिसेना. मग हेमला दिसली, भिंतीला टेकलेली, ओठ पांढरे.

‘वयनी, छाती दाटून राह्यली माही,’ हेमला म्हणाली. परवाचा रुसवा तिच्या आवाजात उरला नव्हता.

‘धुरी कमी देत जा म्हणलं तं आयकते कोण या घरात! लसणाचा वास पाह्य किती.’ योगिनी चिडून वळली. दारात मोतीबाई होती, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी. ‘मोतीबाई, आज पाहुणे हायेत, आज तरी जरा कमी जाळत जा ना!’

‘म्या कुठं जाळली व?’ मोतीबाई म्हणाली. ‘तुह्या सासूनंच मना केलं. पाहुण्याइच्या डोळ्यात धूर जाते म्हणे. कालच्या दुपारपासून शेगडी पेटली नाई.’

योगिनी जागच्या जागी थांबली.

शेगडी पेटली नाही. मग हा लसणाचा वास कुठून येतोय? तिनं वर बघितलं, भिंत आणि स्लॅब यांच्यामधल्या त्या फटीकडं. गोदामाच्या कुलपाबाहेर उभं राहून वडील म्हणायचे, सडक्या लसणासारखा वास आला ना बाई, तर विचार करू नको, पळ.

तिनं बाजेवरून लेकरू उचललं. मान लटकली. झोपलेल्या लेकराची लटकते तशी नाही. ओठांना निळसर झाक होती.

‘हेमाताई, ऊठ. ऊठ आधी!’

‘अवो, अवो, काय करतं!’ मनकर्णाबाई मिठाची वाटी घेऊन दारात आडव्या झाल्या. ‘पाळण्यात घातल्याबिगर लेकरू उंबऱ्याबाहेर नसतात नेत! अन् उन्हातान्हात, हवेत...’

‘सरका, आत्याबाई.’

‘नाई सरकत! डोकं फिरलं काय तुह्यं? इवाई बसले हायेत बाहेर!’

नऊ वर्षांत योगिनीनं सासूला उलट उत्तर पुष्कळ वेळा दिलं होतं, हात कधी लावला नव्हता. तो तिनं आज लावला. खांद्यानं ढकललं. वाटी पडली, मीठ सांडलं, मनकर्णाबाई चौकटीवर आदळल्या आणि योगिनी लेकरू घेऊन मांडवात आली.

‘हरीओम!’ ती ओरडली.

पन्नास माणसांपुढं तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. बायकांनी तोंडावर पदर घेतले. ‘हरीओम, हेमाताईले उचलून बाहेर आण! गाडी काढ! अन् कोणी आत जाऊ नका, कोणीच!’

ती लिंबाखाली गेली आणि लेकराला वाऱ्याकडं तोंड करून धरलं. पदरानं वारा घालू लागली. ‘रड, माय माही. रड ना व. रातभर रडली ना, आता रड.’ तिच्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडात शिव्या होत्या, कोणाला ते तिलाही ठाऊक नाही. हरीओमनं बहिणीला दोन्ही हातांवर आणलं. असं काही असलं की तो विचारत बसत नसे, एवढं एक त्याचं बरं होतं.

लेकरानं तोंड उघडलं. बारीक, चिरका आवाज काढला. मग दुसरा.

‘बाबा,’ हरीओम म्हणाला, ‘गोळ्या ठेवल्या काय तुमी?’

जगदेवराव मांडवाच्या खांबापाशी उभे होते. शेजारी दौलतराव. ‘नाई.’

‘मामाजी!’

‘शब्द देल्ला होता ना म्या? मंग! नाई ठेवल्या.’

हरीओम काळी-पिवळी वळवायला धावला. योगिनीनं लेकरू हेमलाच्या मांडीवर दिलं आणि मागच्या अंगणात गेली. गव्हाच्या खोलीत शिरायची तिला गरज पडली नाही. नळाच्या मोरीत, जिथं जगदेवराव रोज संध्याकाळी हातपाय धुवायचे, तिथंच ती पडली होती. ॲल्युमिनियमची बोटभर नळी, वर कवटी छापलेली, रिकामी. हा असा माणूस. विष ठेवलं, हात स्वच्छ धुतले, आणि नळी मोरीत टाकून दिली, जिथं लेकराचे लंगोट धुतात. तिनं ती काडीनं प्लास्टिकच्या पिशवीत ढकलली.

‘मोतीबाई, खिडकीतलं पोतं बाहेरून वढा अन् फेका. दारं सारी उघडी. बायाइले, पोराइले समोरच्या शाळेत न्या. आत कोणी पाय टाकाचा नाई, देवाचा दिवा लावालेबी नाई!’

‘मी पाह्यतो कोण टाकते थे,’ मोतीबाई म्हणाली आणि पदर खोचून निघाली. त्या घराशी तिचं काही नातं नव्हतं, म्हणूनच बहुतेक तिनं एका सांगण्यात ऐकलं.

गाडीत पुढं हरीओम, जगदेवराव, दौलतराव. मागं तिघी आणि लेकरू. मनकर्णाबाई काळी-पिवळीचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडायला लागल्या, गरम हवेचा झोत येतोय म्हणून. योगिनीनं एक-एक पडदा परत वर गुंडाळून बांधला.  वाशीम येईपर्यंत मनकर्णाबाईंनी दोनदा पडदा सोडला, आणि दोन्ही वेळा योगिनीनं तो बांधला. तिला वाटलं, या बाईपुढं डोकं आपटलं तर डोकंच फुटेल, बाई तशीच राहील.

दवाखान्यातली डॉक्टर योगिनीपेक्षाही लहान दिसत होती. हेमलाला आणि लेकराला आत घेतलं, ऑक्सिजन लावला, आणि ती हातात कागद घेऊन बाहेर आली.

‘घरात काय मारलं होतं? उंदरांचं औषध? डासांचं? धान्यात काही?’

‘काई नाई, डॉक्टरीनबाई,’ मनकर्णाबाई म्हणाल्या. ‘दृष्ट लागली. लय माणसं आली होती हिच्या सासरची.’ मग त्यांच्या लक्षात आलं की सासरचा मुख्य माणूस मागंच उभा आहे, आणि त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

‘आजी, मला खरं सांगा. काय होतं, किती होतं, कधीपासून होतं. मला त्यावरून ठरवायचंय पुढचं.’

जगदेवराव भिंतीवरच्या फॅनच्या बटणाकडं बघत होते.

हरीओमनं योगिनीचा कोपर धरला. हळूच म्हणाला, ‘आता नोको. इवाई उभे हायेत. मंग सांगू डॉक्टरले, बाजूले घेऊन.’

मग. हाव, पाहू. मिस्त्री आला की, पाऊस झाला की, बारसं झालं की. तिकडं काचेच्या पेटीत बारा दिवसांचं लेकरू आणि इकडं यांना इवायाची लाज. योगिनीनं कोपर झटकला आणि पिशवी डॉक्टरच्या टेबलावर ठेवली.

‘ह्या. गव्हात ठेवाच्या गोळ्या. एका नळीत दहा येतात. शेजारची खोली, मधली भिंत वरून उघडी, अन् यायच्या खोलीची एकच खिडकी, थेबी बोळे कोंबून बंद. कई ठेवल्या थे मले माहीत नाई. मामाजीले माहीत हाये.’

डॉक्टरनं जगदेवरावांकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

‘काल,’ ते म्हणाले. ‘दिवस बुडता.’

‘सगळ्या दहा?’

त्यांनी होकाराची मान हलवली. डॉक्टरनं लिहून घेतलं. ‘याच्यावर उतारा नसतो, बाबा. मोकळी हवा, ऑक्सिजन आणि नजर ठेवणं, एवढंच आमच्या हातात असतं. आई बरी होईल असं दिसतंय. बाळाचं चोवीस तास गेल्याशिवाय मी बोलणार नाही. पण आणखी अर्धा तास त्या खोलीत राहिलं असतं, तर तुम्हाला इथं यायची गरज उरली नसती.’

ती आत गेली. बाकावर मनकर्णाबाई पदरात तोंड घालून बसल्या. थोड्या वेळानं पदरातूनच म्हणाल्या, ‘इवायासमोर घराची लाज काढली. डॉक्टरले बाजूले सांगता आलं असतं.’

‘लाज!’ योगिनीचा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. ‘तुमची लेक उलट्या करून राह्यली होती आत्याबाई, अन् तुमी मीठ ओवाळून राह्यल्या होत्या! नात निळी पडली तं म्हणता शहाणी झोपली! अन् लाज म्या काढली? नऊ वर्षं झाले, मी म्हणतो कुलर पाहा, नळी बदला, फट बुजवा, तं मी सुपरवायझर! मी गोदामवाल्याची! परवा सांगतलं ना म्या, हात जोडून सांगतलं ना? मामाजी, तुमाले सोंडे दिसले, मी दिसली नाई काय?’

 जगदेवरावांना नातीच्या अंगावर किडा नको होता, एवढंच त्यांच्या मनात होतं, हे योगिनीलाही कळत होतं, आणि त्यानं तिचा राग कमी होत नव्हता. उलट वाढत होता. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या पोटभर देता आल्या असत्या.

आता दौलतराव काय बोलतील याची सगळे वाट बघत होते. त्यांचीच सून, त्यांचीच नात. हरीओम तर उभाच राहिला, मधे पडायला लागलं तर म्हणून.

दौलतराव टेबलापाशी गेले. पिशवी उचलून त्यांनी चष्म्याजवळ नेली. नळीवरची कवटी बघितली, खालची अक्षरं बघितली. खूप वेळ बघितली.

‘हेच हाये,’ ते म्हणाले.

‘काय, इवाईबुवा?’ हरीओमनं विचारलं.

‘आमच्या घरीबी हेच हाये. परवा ठेवल्या म्या. तुरीत.’ ते खिसे चाचपू लागले, मोबाइल सदऱ्याच्या आतल्या खिशात होता तो त्यांना सापडेना. ‘आमची माय तिथंच झोपते. कट्ट्याच्या बाजूले खाट हाये तिची. दोन दिवस झाले, खोकून राह्यली. मले वाटलं, वय झालं.’

हरीओमनंच फोन काढून लावून दिला. म्हाताऱ्या माणसांच्या फोनसारखा तोही मोठ्यानं बोलायचा. शिरपूरहून, म्हातारीसाठी घरी राहिलेल्या त्यांच्या बायकोचा आवाज सगळ्यांना ऐकू आला; बातमी तिथवर पोचली होती. पोट्टी कशी हाये, हेमला कशी हाये, नवीन पोचला का.

‘आयक. मायची खाट बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता.’

‘बाहेर? टळटळीत दुपारी? आताच डोळा लागला त्यायचा.’

‘तुरीत गोळ्या हायेत ना, त्याचा वायू हाये खोलीत. काढ म्हणतो ना मी!’

‘काहीतरीच तुमचं! गोळ्या तं आपन दरसाल ठेवतो. कई काय झालं? तिकडं काय झालं थे त्याइच्या घरचं. संध्याकाळी ऊन उतरलं का पाह्यतो मी.’

‘अवो, आयकून राह्यली का तू!’ कधी आवाज न चढवणारे दौलतराव असे ओरडले की आतली नर्स दार उघडून बघायला आली.  ‘आयकत नाई. नाई आयकत थे. काय सांगू तिले?’

त्यांनी योगिनीकडं बघितलं. योगिनीनं हात पुढं केला.

पण तिच्या आधी जगदेवराव उठले होते. त्यांनी व्याह्याच्या हातातून फोन घेतला, कानाला लावला, आणि घसा साफ केला. पंचायतीत बोलायच्या आधी करायचे तसा. आवाज मात्र तो निघाला नाही.

‘इहीनबाई, जगदेव बोलून राह्यलो, रिठदचा. मीबी दरसाल ठेवतो. माह्या सुनेनं मले दोन दिवसाआधी सांगतलं होतं, हे घरात ठेवू नका म्हून. म्या तिले शब्द देल्ला, अन् थे गच्चीवर गेली तवा चोरून ठेवल्या. आज सकाळी इवायासमोर खोटंबी बोललो, ठेवल्या नाई म्हणलं. माही लेक आत हाये, नाकात नळी हाये तिच्या. नात काचेत हाये. बारा दिवसाची हाये, इहीनबाई, अजून नावबी नाई ठेवलं तिचं.’  मनकर्णाबाई मोठ्यानं रडायला लागल्या होत्या. जगदेवरावांनी दुसऱ्या कानावर तळहात दाबला. ‘आधी म्हातारीले काढा. मंग या, अन् थुका माह्या तोंडावर. पण आधी काढा.’

 फोन तसाच चालू राहिला.  मग दूर कुठं तरी एक दार आपटलं, आणि फरशीवरून खाट ओढल्याचा आवाज यायला लागला.